पन्नाशीत हिब्रू आणि तोरा शिकायला घेताना

ठाण्याच्या एका बेने इस्रायल (कोकणातील मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाच्या) भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : "माझे वय ५२ आहे. शब्बाथची आणि सणांची तेफिला मला पाठ आहे, पण ती मी देवनागरी लिप्यंतरावरून म्हणते, अर्थ कळत नाही. आता नोकरीतून थोडा वेळ मिळतो आहे. हिब्रू, तोरा, तलमूद आणि आपल्या समाजाचा इतिहास हे सगळे शिकायची इच्छा आहे. आधी काय घ्यावे? किती वर्षे लागतील? आणि या वयात हे खरोखर जमते का?"

गेली २२ वर्षे मी इस्रायलमधील लोद येथे प्रौढांचे वर्ग घेते आहे. माझ्या विद्यार्थ्यांत कोकणातून आणि मुंबईतून आलेली, मराठी बोलणारी माणसे पुष्कळ असतात, आणि अलीकडे इंटरनेटवरून भारतातील काही गटही माझ्यासोबत वाचतात. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहिते. नवख्या वाचकांसाठी एवढेच : शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, तेफिला म्हणजे प्रार्थना, तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ आणि तलमूद म्हणजे रब्बींच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, चर्चांचा मोठा ग्रंथ.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटल्याखेरीज बाकीचे प्रश्न हाती घेण्यात अर्थ नाही. यहुदी परंपरेत प्रौढ विद्यार्थी हा अपवाद मानला जात नाही. रब्बी अकिवा यांच्याबद्दल जुन्या ग्रंथात अशी हकीगत आहे की वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांनी काहीही शिकलेले नव्हते. विहिरीच्या काठावरचा झिजलेला दगड पाहून त्यांनी विचारले की हा कोणी कोरला, आणि रोज पडणाऱ्या पाण्याने, असे उत्तर मिळाल्यावर ते शिकायला निघाले. हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. मला मात्र त्यानंतरचे वाक्य अधिक मोलाचे वाटते. अकिवा आपल्या मुलाला घेऊन लहान मुलांच्या गुरुजींकडे गेले, पाटीचे एक टोक त्यांनी धरले, दुसरे मुलाने धरले, आणि गुरुजींनी त्या पाटीवर आलेफ-बेत लिहून दिले. पुढे ज्यांच्या नावाने शेकडो निर्णय सांगितले गेले, त्या माणसाने मुळाक्षरे आपल्या मुलाबरोबर एकाच पाटीवर गिरवली, आणि परंपरेने ही गोष्ट न लपवता जपून ठेवली. बाराव्या शतकात रब्बी मोशे बेन मैमोन यांनी कायदाच लिहून ठेवला की गरीब असो वा श्रीमंत, तरुण असो वा जराजर्जर, प्रत्येकाने अध्ययनासाठी दिवसाचा आणि रात्रीचा वेळ राखून ठेवावा, आणि हे कुठवर, तर मरणाच्या दिवसापर्यंत. इस्रायलच्या थोर पंडितांत लाकूडतोडे होते, पाणक्ये होते, आंधळे होते, असेही ते तिथेच नमूद करतात. हे कर्तव्य त्या काळी पुरुषांपुरतेच सांगितले होते, हे मी झाकून ठेवत नाही. ती मर्यादा विसाव्या शतकात हळूहळू ओलांडली गेली. १९१७ मध्ये क्राकोव्हमध्ये सारा श्नीरर या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मुलींसाठी तोराची शाळा काढली, आणि २०२० च्या जानेवारीत रोज एक पान या क्रमाने संपूर्ण तलमूद वाचून झाल्याचा सोहळा साजरा करायला हजारो स्त्रिया जेरुसलेममध्ये जमल्या. तेव्हा तुम्ही ज्या वाटेने निघालात ती वाट आता रुळलेली आहे.

आता "आधी काय?" या प्रश्नाकडे वळते. माझे उत्तर असे आहे की जे तुमच्याजवळ आहे तिथून सुरुवात करावी, आणि तुमच्याजवळ तुम्हाला वाटते त्याहून खूप अधिक आहे.

हा विचार माझा एकटीचा नाही. १९२० मध्ये यहुदी तत्त्वज्ञ फ्रांझ रोझेनझ्वाइग यांनी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे यहुदी प्रौढांसाठी एक मुक्त विद्यालय सुरू केले. ते स्वतः परंपरेपासून दूर गेलेल्या घरात वाढले होते, १९१३ मध्ये ख्रिस्ती होण्याच्या बेतापर्यंत आले होते आणि मग मागे फिरले होते. विद्यालयाच्या उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी मांडले की पूर्वीचे अध्ययन तोरापासून निघून जीवनाकडे जात असे. आताच्या माणसाला उलट दिशेने, जीवनाकडून तोराकडे यावे लागेल. परीघावर उभ्या असलेल्या माणसाला आधी केंद्रात खेचून आणायचे आणि मग शिकवायचे, असे त्यांना करायचे नव्हते. तो जिथे आहे तिथून, त्याच्या व्यवसायातून आणि त्याच्या प्रश्नांतून, त्याला आत येता यावे असे त्यांना हवे होते. म्हणून तिथे बायबलचा वर्ग एदुआर्द श्ट्राउस नावाचे रसायनशास्त्रज्ञ घेत. पुढे रोझेनझ्वाइग पक्षाघातासारख्या असाध्य आजाराने खिळले, बोलणेही बंद झाले, तरी तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांच्यासोबत हिब्रू बायबलचे जर्मन भाषांतर करण्याचे काम त्यांनी १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. १९३३ मध्ये, नाझींच्या सत्तेखाली, बूबर यांनी ते विद्यालय पुन्हा उघडले. शाळांतून, नोकऱ्यांतून आणि सार्वजनिक जीवनातून हाकलले जाणारे लोक संध्याकाळी एकत्र बसून वाचत होते, याचा विचार केला की प्रौढशिक्षण हा फावल्या वेळचा छंद आहे असे म्हणवत नाही.

मी स्वतः हे उशिरा शिकले. माझ्या पहिल्या वर्गात मी सहा महिने केवळ अक्षरे आणि व्याकरण घेतले. शिस्त पक्की होती, गृहपाठ होता, आणि १४ जणांपैकी शेवटी तिघे उरले. जे गेले त्यांतल्या एका बाईंनी मला सांगितले की मी तोरा शिकायला आले होते, सहा महिन्यांत तोराचे एकही वाक्य माझ्या कानावर आले नाही. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी मूळ वाक्य हातात देते, आणि मराठी घरातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी ते वाक्य ठरलेले आहे.

ते वाक्य म्हणजे शेमा. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या पूर्वजांचे ग्रंथ समुद्रात गेले, पुढे पिढ्यानपिढ्या कोकणात तेलाचे घाणे चालवताना हिब्रू विसरली, पण शनिवारचा विसावा, मुलाची सुंता, खवले आणि पर नसलेला मासा वर्ज्य मानणे आणि शेमा एवढे राहिले. बारसे असो, लग्न असो की मयत असो, प्रत्येक प्रसंगी तेच एक वाक्य म्हटले जाई. दाविद रहाबी नावाचे एक यहुदी गृहस्थ बाहेरून आले, त्यांनी बायकांपुढे मासे ठेवले आणि खवल्यांचे व बिनखवल्यांचे मासे त्या आपसूक वेगळे करताना पाहून हे यहुदीच आहेत असे त्यांनी ओळखले, ही गोष्ट तुमच्या घरीही सांगितली गेली असेल. त्या घटनेच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याकडे पुढे येते.

"शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद." म्हणजे, ऐक इस्राएल, प्रभू आमचा देव, प्रभू एक आहे. सहाच शब्द आहेत आणि ते तुम्हाला पाठ आहेत. आता हेच शब्द हिब्रू लिपीत समोर ठेवा आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत म्हणा. तोराच्या गुंडाळीत या वाक्यातील पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर आयिन आणि अखेरच्या शब्दाचे शेवटचे अक्षर दालेत ही दोन्ही मोठी लिहिलेली असतात. दोन्ही जोडली की "एद" हा शब्द होतो, म्हणजे साक्षीदार. दालेत मोठे लिहिण्यामागे आणखी एक सावधगिरी सांगतात. दालेत आणि रेश या अक्षरांत फरक फक्त कोपऱ्याचा आहे : एकाचा कोपरा टोकदार, दुसऱ्याचा गोलसर. "एखाद" म्हणजे "एक", आणि शेवटी दालेतऐवजी रेश वाचले तर "अखेर", म्हणजे "दुसरा" होते. कोपऱ्याएवढ्या फरकाने वाक्याचा अर्थ उलटतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी ती दोन अक्षरे पुन्हा कधी चुकत नाही. मराठीतील "एखादा" हा शब्द ऐकून वर्गात दरवेळी कोणीतरी हात वर करते. तो निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला उपयोगी पडतो. अशा पद्धतीने पाठ असलेल्या तीन-चार प्रार्थना घेतल्या तर सगळी २२ अक्षरे सहा ते आठ आठवड्यांत ओळखीची होतात. त्या काळात देवनागरी लिप्यंतराचे पुस्तक टाकून देऊ नका. त्या ओळीवर कागदाची पट्टी ठेवा आणि अडल्यावरच पट्टी सरकवा. लिप्यंतराने आपल्या आजी-आजोबांची प्रार्थना टिकवली आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

लिपीबद्दल लिहितेच आहे तर मराठी माणसाला हिब्रूत काय सोपे जाते आणि काय जड जाते हेही सांगते, कारण बाजारातली बहुतेक पुस्तके इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात आणि त्यांच्या अडचणी आपल्या नसतात. इंग्रजी शिक्षक "त्सादी" या अक्षराचा उच्चार शिकवण्यात बराच वेळ घालवतात. आपण "चमचा" म्हणतो तेव्हा जो च उच्चारतो तोच तो उच्चार आहे. वर्तमानकाळात क्रियापद स्त्री-पुरुषांप्रमाणे बदलते, याचे आपल्याला नवल वाटत नाही : तो "होलेख", ती "होलेखेत", जसे तो जातो, ती जाते. मालकी सांगण्याची रीत तर थेट आपलीच आहे. "येश ली श्तेई अखायोत" या वाक्याचे शब्द एकामागून एक मांडले तर "आहेत मला दोन बहिणी" असे मराठी होते. "मला बहीण आहे" आणि "माझ्याजवळ वही आहे" हा भेद मात्र हिब्रू करत नाही, दोन्हीकडे "येश ली" चालते. तीन व्यंजनांच्या धातूंतून शब्द घडतात, आणि हे घडणे आपल्याला समजते, कारण शिकणे आणि शिकवणे एकाच मुळातून निघतात हे मराठीत आपण रोज बोलतो. ला-म-द या धातूतून "लामाद" म्हणजे तो शिकला, "लिमेद" म्हणजे त्याने शिकवले, "तलमिद" म्हणजे विद्यार्थी आणि "तलमूद" म्हणजे अध्ययन.

जड काय जाते? देवनागरीत जे लिहिले तेच वाचायची आपल्याला सवय असते. हिब्रूत स्वर अक्षरांच्या खाली-वर टिंबे आणि रेघा देऊन दाखवतात, आणि प्रार्थनेचे पुस्तक, तनाख (हिब्रू बायबल) व बालवाङ्मय सोडले तर छापताना ती चिन्हे वगळतात. वर्तमानपत्र वाचताना शब्द आधी ओळखावा लागतो आणि मग उच्चारता येतो. हा उलटा क्रम अंगवळणी पडायला वर्ष-दीड वर्ष सहज लागते. त्यात तेत आणि ताव, काफ आणि कोफ अशा जोड्या आजच्या बोलण्यात सारख्याच ऐकू येतात. शुद्धलेखन कानाने होत नाही, डोळ्यांनी करावे लागते. उच्चारांबाबत एक विनंती आहे. इस्रायलमध्ये "शबात" म्हणतात, आपल्याकडे "शब्बाथ" म्हणतात. नवा उच्चार बोलण्यासाठी शिका, पण सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) जुना बदलू नका. तो चुकीचा नाही, वेगळ्या परंपरेचा आहे.

प्रार्थनेची हिब्रू आणि बोलण्याची हिब्रू एकाच वेळी घ्यावी का, हा प्रश्न तुम्हाला लवकरच पडेल. इस्रायलमध्ये स्थलांतरितांसाठी उलपान नावाचे सघन भाषावर्ग असतात. पहिले १९४९ मध्ये जेरुसलेममध्ये सुरू झाले, जगभरातून आलेल्या आणि एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांना एका खोलीत बसवून पहिल्या तासापासून हिब्रूतूनच शिकवण्याची ती पद्धत होती, आणि भाषा बोलू लागण्यासाठी तिच्याइतकी परिणामकारक पद्धत मी दुसरी पाहिलेली नाही. मुले किंवा भावंडे इस्रायलमध्ये असतील आणि तिथल्या नातवंडांशी बोलायचे असेल तर उलपानच्या धर्तीचा वर्ग जरूर घ्या. तुमच्या पत्रात तसे काही नाही. तुम्हाला प्रार्थनेचा अर्थ आणि तोरा हवी आहे, म्हणून पहिली दोन वर्षे ग्रंथांची हिब्रू घ्या. बोलण्याची हिब्रू त्यानंतर निम्म्या कष्टात येते.

तोरा वाचण्यासाठी आठवड्याचा पाठ, म्हणजे परशा, हा सर्वांत सोयीचा सांगाडा आहे. वर्षभरात ५४ परशा होतात, सिमहाथ तोरा या सणाला शेवटची संपून लगेच पहिली सुरू होते, आणि तुम्ही जे घरी वाचाल तेच त्या शनिवारी सिनेगॉगमध्ये कानावर पडते. पूर्ण परशा हिब्रूत वाचायचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नका. मराठीत सगळी वाचा, हिब्रूत तीनच ओळी घ्या, पण त्या तीन ओळींतला प्रत्येक शब्द सुटा करून पाहा. मराठी भाषांतर म्हणून ख्रिस्ती संस्थांनी छापलेला जुना करार बहुतेक घरांत मिळतो. तो वापरायला हरकत नाही, मात्र दोन गोष्टी माहीत हव्यात. तनाखमध्ये तोरा, नवीईम आणि केतुवीम असे तीन भाग आणि २४ ग्रंथ आहेत व शेवट इतिहासाच्या ग्रंथाने होतो. जुन्या करारात क्रम वेगळा असून शेवट मलाखीने होतो. शिवाय तेहिलीममध्ये, म्हणजे स्तोत्रसंहितेत, हिब्रू परंपरा स्तोत्राचे शीर्षकही ओवी म्हणून मोजते, त्यामुळे ५१ व्या स्तोत्रासारख्या ठिकाणी आकडे दोनने पुढे-मागे होतात आणि नवखा वाचक चुकीच्या ओळीवर डोके खाजवत बसतो. मूळ हिब्रूवरून मराठी करण्याचे एक मोठे काम पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये केले. चाळिशी उलटल्यावर हाती घेतलेले ते भाषांतर १९२२ मध्ये मृत्यू येण्याच्या सुमारास त्यांनी पुरे केले. त्यांची श्रद्धा आपल्याहून वेगळी होती, पण मराठी बोलणारी एक प्रौढ स्त्री हिब्रू कोश उघडून रोज ओळ ओळ लढवत होती, हे मला आपल्या सर्वांच्या जवळचे वाटते.

तलमूदची भीती बाळगू नका आणि घाईही करू नका. रोज एक पान वाचण्याचा जो उपक्रम रब्बी मेयर शापिरो यांनी १९२३ मध्ये व्हिएन्नात मांडला, तो २७११ पानांचा आणि सुमारे साडेसात वर्षांचा आहे. त्याचे चालू आवर्तन २०२० च्या जानेवारीत सुरू झाले. ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण नवशिक्याने त्यात उडी घेतली की पान पुढे जाते आणि माणूस मागे राहतो. त्यापेक्षा तलमूदचा पाया असलेल्या मिश्ना या नियमसंग्रहाच्या एका परिच्छेदावर एक महिना घालवा.

कोणता परिच्छेद? पहिलाच, कारण तो तुमच्या शेमाबद्दल आहे. इसवी सन २०० च्या सुमारास रब्बी यहुदा हनासी यांनी संकलित केलेल्या मिश्नाचा पहिला शब्द "मे-एमाताय" असा आहे, म्हणजे "केव्हापासून?" संध्याकाळचा शेमा केव्हापासून म्हणायचा? उत्तर येते : पुरोहित आपला पवित्र वाटा जेवायला घरात शिरतात त्या वेळेपासून. कुठवर? रब्बी एलिएझर म्हणतात, पहिला प्रहर संपेपर्यंत. इतर विद्वान म्हणतात, मध्यरात्रीपर्यंत. रब्बान गमलिएल म्हणतात, पहाट फुटेपर्यंत. आणि मग एक घरगुती प्रसंग येतो : गमलिएल यांची मुले मेजवानीहून उशिरा परतली आणि म्हणाली, आम्ही अजून शेमा म्हटलेला नाही. वडिलांनी सांगितले, पहाट फुटली नसेल तर अजूनही म्हटलाच पाहिजे.

हा परिच्छेद मी वर्गात देते तेव्हा दोघा-दोघांच्या जोड्या करून पाऊण तास मी काहीही बोलत नाही. या जोडीने वाचण्याला खाव्रुता म्हणतात. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने प्रत्येक वाक्याला थांबवून विचारायचे. गेल्या हिवाळ्यातील एका जोडीचे उदाहरण देते. त्यांतील एक आजी रेवदंड्याकडच्या, दुसरे गृहस्थ गोदीत हिशेबनीस होते. आजींनी विचारले, चांदण्या दिसल्या की म्हणा असे सरळ का सांगत नाहीत, पुरोहितांच्या जेवणाचे काय मध्येच? हिशेबनीस म्हणाले, मंदिर तर इसवी सन ७० मध्ये पाडले गेले, मग दोनशे साली कोणता पुरोहित तो वाटा जेवायला बसत होता? दोघेही बराच वेळ गप्प होते. मग आजी म्हणाल्या की आमच्या गावी घड्याळ आल्यानंतरही आम्ही दिवेलागण म्हणायचो, गुरे गोठ्यात आली म्हणायचो, आणि वीज आली तरी "दिवे लागले" ही वेळ राहिलीच. त्यानंतर मी पुढचे पान उघडून दिले. गेमारा, म्हणजे तलमूदमधली मिश्नावरची चर्चा, पहिल्याच पानावर तोच आक्षेप घेते जो आजींनी घेतला होता, आणि त्याच पानाच्या मागच्या बाजूला आणखी एक वेळ नोंदलेली आहे : गरीब माणूस मीठभाकरी खायला घरी येतो ती वेळ. त्यापुढे रात्रीचे प्रहर कसे ओळखावे तेही येते : पहिल्या प्रहरी गाढव ओरडते, दुसऱ्या प्रहरी कुत्री भुंकतात, तिसऱ्या प्रहरी तान्हे मूल आईला पिते आणि बायको नवऱ्याशी बोलत असते. आजींच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि त्याचे कारण त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. शेमा त्या सत्तर वर्षे म्हणत होत्या.

म्हणून जोडीदार शोधा. शिक्षक आठवड्यातून एकदा पुरतो, जोडीदार मात्र हवाच. मिश्नातील पिरके आवोथ या भागात यहोशुआ बेन पेराखिया सांगतात की स्वतःसाठी गुरू कर आणि सोबती मिळव. सोबत्यासाठी तिथे वापरलेल्या क्रियापदाचा अर्थ "विकत घे" असाही होतो, म्हणजे त्यासाठी काहीतरी खर्ची पडणारच. जोडीदार तुमच्याहून हुशार असण्याची गरज नाही, वेळ पाळणारा असावा. दूर असला तरी चालेल : भारत आणि इस्रायल यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, त्यामुळे तुमची रात्री साडेआठची वेळ आमच्याकडे संध्याकाळची असते आणि जमून जाते. मूळ ग्रंथ सेफारिया या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. अदिन श्टाइनझाल्त्स यांनी १९६५ ते २०१० अशी ४५ वर्षे खपून तलमूद स्पष्ट केला, त्यावर आधारित इंग्रजी भाषांतरही तिथे आहे. मराठीत असे काही नाही, ही उणीव मला रोज जाणवते.

पण मराठीत काहीच नव्हते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका, आणि इथूनच तुमच्या इतिहासाच्या अभ्यासाला सुरुवात करा. मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक १८३२ मध्ये मुंबईत छापले गेले. ते स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी केले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. आपल्या लोकांनी व्याकरण घेतले, धर्म बदलला नाही. त्याच शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक म्हणून काम केले. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला, जो त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १९३७ मध्ये तेल अवीवमध्ये प्रसिद्ध झाला. १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हग्गादात, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकात, मात्झा (बेखमीर भाकरी) करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या दाखवल्या आहेत. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा आमचे जुने स्वयंपाकघर पाहिल्यासारखे वाटले.

आणि कीर्तन. १८८० च्या सुमारास बेने इस्रायल समाजाने कीर्तनाचा मराठी घाट उचलला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे ओव्या, साक्या, दिंड्या आणि पदे रचून उभ्याने सांगायला सुरुवात केली. हिब्रू न येणाऱ्या स्त्री-पुरुषांना तनाख समजावून देण्याची ती पद्धत होती, म्हणजे रोझेनझ्वाइगच्या विद्यालयाच्या ४० वर्षे आधी कोकणातल्या आणि मुंबईतल्या माणसांनी आपले प्रौढशिक्षण आपल्या भाषेत उभे केले होते. एखादी पोथी घरी असेल तर ती आधी शोधा, फोटो काढून ठेवा. वयस्कर नातेवाइकांना येणारी पदे ध्वनिमुद्रित करा. हे काम उद्यावर टाकू नये असे आहे, बाकी सगळे टाकले तरी चालेल.

सणांची जुनी नावे हाही अभ्यासाचा विषय करा. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, आपल्याकडे दारफळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून माणसे घरात राहत. त्या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेचे हिब्रू नाव "नेईला" आहे, आणि त्याचा अर्थ दारे बंद होणे. तिशा बाव हा बिरड्याचा रोजा, कारण शोकाच्या त्या दिवसांत मांस वर्ज्य आणि वालाचे बिरडे पानात. रोश हशाना, म्हणजे नववर्ष, हा नव्याचा सण. ही नावे अज्ञानातून पडली असे मानणारे शिक्षक मला भेटले आहेत, आणि त्यांच्याशी मी वाद घातला आहे. पुस्तक हाती नसताना ज्यांनी दिवस पाळले त्यांनी तो दिवस कसा समजून घेतला, याची ही नोंद आहे.

इतिहास वाचताना मात्र परंपरा आणि पुरावा यांच्या दोन वेगळ्या वह्या ठेवा. जहाज फुटले, सात जोडपी वाचली, रहाबी आले, या गोष्टी पहिल्या वहीत लिहा. त्यांचे मोल कमी नाही, पण त्यांना साल देऊ नका. मुंबईतील पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले, अलिबागचे मागेन आवोथ १८४८ चे, पुण्याचे ओहेल दाविद १८६७ चे, या गोष्टी दुसऱ्या वहीत येतील. १९६२ ते १९६४ या काळात बेने इस्रायल लोकांच्या विवाहांवरून इस्रायलमध्ये जो संघर्ष झाला आणि शेवटी सरकारला त्यांना सर्व बाबतींत पूर्ण यहुदी म्हणून मान्यता जाहीर करावी लागली, तोही तिथेच येईल. तो इतिहास आमच्या घरांत अजून दुखरा आहे, पण टाळू नये.

या दोन वह्यांना जोडणारा एक अभ्यास मी सर्वांना देते : आपल्या कब्रस्तानातील एक दगड वाचून आणा. बहुतेक जुन्या दगडांवर हिब्रू आणि मराठी दोन्ही असतात, त्यामुळे उत्तर शेजारीच लिहिलेले असते. वर दोन अक्षरांचा संक्षेप असेल, पे आणि नून, म्हणजे "इथे दफन आहे". खाली पाच अक्षरे असतील, त्यांचा अर्थ "त्याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो". ते शब्द शमुएलच्या पहिल्या ग्रंथातून घेतले आहेत. वर्ष अक्षरांत असते, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत आहे. समजा ताव, रेश, लामेद, दालेत असे आहे. ४००, २००, ३० आणि ४ मिळून ६३४ होतात, त्यात १२४० मिळवले की १८७४, म्हणजे पुण्याचा हग्गादा छापला गेला ते वर्ष. मृत्यू रोश हशाना आणि डिसेंबरअखेर यांच्या मधला असेल तर एक वजा करायचा.

किती वर्षे लागतील याचे माझ्या वर्गांवरून दिसलेले उत्तर असे आहे. आठवड्याला जोडीदाराबरोबर दोन तास आणि एकटीने रोज वीस मिनिटे दिलीत तर सहा महिन्यांत प्रार्थनेचे पुस्तक लिप्यंतराशिवाय हळू वाचता येईल, दोन वर्षांत परशाचे सोपे कथाभाग कोशाच्या मदतीने समजतील, चौथ्या-पाचव्या वर्षी राशी या जुन्या भाष्यकारांची तोरावरची टीका आणि मिश्ना मूळातून वाचता येतील. गेमाराची अरामी भाषा त्यानंतर घ्यावी. मध्ये आजारपणे येतात, लग्नकार्ये येतात, दोन-तीन महिने वही उघडली जात नाही; तसे झाले तर मागे जाऊन भरून काढू नका, त्या आठवड्याची परशा उघडून तिथून पुढे चला.

पहिल्या बैठकीसाठी शनिवारची रात्र धरा, हवदाला, म्हणजे शब्बाथ संपल्याची प्रार्थना, झाल्यावर. शेमाचे सहा शब्द हिब्रूत मोठ्या अक्षरांत वहीच्या डाव्या पानावर लिहा, उजव्या पानावर मिश्नाचा पहिला परिच्छेद मराठीत उतरवा, आणि दोघींनी मिळून त्यावर तीन प्रश्न काढा. उत्तरे शोधू नका. ते तीन प्रश्न मला पाठवा, तिथून पुढचा धडा आपण ठरवू.